पर्यावरणस्नेही बांधकाम आणि लोकसहभाग : आर्किटेक्टने या वाटेवर उपजीविका कशी उभी करावी?

माळवद (प्रश्न)

नमस्कार. वास्तुकलेचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी गेली चार वर्षे पुण्यातील एका कार्यालयात नोकरी करते आहे. उंच इमारतींच्या तळघरातील वाहनतळांचे नकाशे काढणे आणि हरित मानांकनासाठी लागणाऱ्या तक्त्यांत माहिती भरणे, हे माझे मुख्य काम. मानांकनाची पद्धत मला निरर्थक वाटत नाही, कारण पाण्याचा आणि विजेचा हिशेब निदान तिच्यामुळे ठेवला जातो. परंतु ज्या इमारतीच्या पश्चिमेची पूर्ण बाजू काचेची आहे आणि जिच्यात राहायला येणाऱ्या एकाही माणसाशी मी कधी बोललेले नाही, तिला जास्तीचे गुण मिळवून देताना मला माझ्या शिक्षणाचा उपयोग समजेनासा होतो.

यामागे घरची पार्श्वभूमीही आहे. माझे बालपण किल्लारी परिसरातील एका पुनर्वसित गावात गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर माझा जन्म झाला, त्यामुळे जुने गाव मी फक्त आजीच्या बोलण्यातून पाहिले. जुन्या घराला ढाळज होती, माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, धान्य आणि मिरच्या वाळत असत, मागे गोठा होता आणि भावकीची घरे भिंतीला भिंत लागून होती. नव्या गावात आम्हाला दोन खोल्या, सरळ रेषेत आखलेला रुंद रस्ता आणि दूरच्या आळीतले शेजारी मिळाले. जे मिळाले त्याबद्दल घरात कोणी कधी तक्रार केली नाही. मात्र मी दहावीला पोहोचेपर्यंत त्या दोन खोल्यांच्या तीन बाजूंना आम्ही पत्र्याची पडवी, गोठा आणि चुलीची खोपी जोडली होती, आणि आजी शेवटपर्यंत उन्हाळा-हिवाळा अंगणातच झोपत असे. ज्याने ते घर आखले त्याने आजीला चार प्रश्न विचारले असते तर ते कसे झाले असते, या विचारातूनच मी आर्किटेक्ट होण्याचे ठरवले.

आता नोकरी सोडून स्थानिक साहित्यात, लोकांना बरोबर घेऊन काम करण्याची इच्छा आहे. पण हे काम शिकायचे कोणाकडून, त्यावर घर चालते का, आणि ज्याला लोकसहभाग म्हणतात तो एका ग्रामसभेपलीकडे प्रत्यक्षात कसा दिसतो, हे मला नीट कळत नाही. ज्यांनी ही वाट चालून पाहिली आहे, त्यांनी कृपया अनुभवाचे सांगावे.

ओळंबा

माळवद ताई, मी सांगली-कोल्हापूर भागात तीस वर्षे व्यवसाय करतो आहे आणि त्यातली पहिली दहा वर्षे मीही तुमच्यासारखाच चुकल्याचुकल्यासारखा होतो. माझ्या पिढीतल्या अनेकांना या वाटेची पहिली खूण आर्किटेक्ट लॉरी बेकर यांच्या कामातून मिळाली, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करतो. त्यांचा गौरव पुष्कळ होतो, पण एक माणूस व्यावसायिक म्हणून कसा घडत गेला या दृष्टीने त्यांच्या आयुष्याकडे फारसे पाहिले जात नाही.

बेकर यांचा जन्म १९१७ चा, इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा. दुसऱ्या महायुद्धात क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या वैद्यकीय पथकातून ते चीनमध्ये गेले आणि परतताना मुंबईत जहाजाची वाट पाहत थांबले असता त्यांची गांधीजींशी भेट झाली. घराचे साहित्य घराभोवतीच्या पाच मैलांच्या परिघात मिळणारे असावे, हा विचार त्यांनी तेथून घेतला. पुढे कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या मिशनचे आर्किटेक्ट म्हणून ते भारतात आले, डॉक्टर असलेल्या एलिझाबेथ यांच्याशी विवाह केला आणि दोघे हिमालयात पिठोरागढला सुमारे १६ वर्षे राहिले. आपल्या पदवीच्या शिक्षणातले फारच थोडे तिथे उपयोगी पडते आणि दगड, माती, लाकूड यांचे ज्ञान तिथल्या गवंड्या-सुतारांकडेच आहे, हे त्यांना तिथे उमगले. ज्या इमारतींमुळे आपण त्यांना ओळखतो त्या सगळ्या त्यानंतरच्या, केरळमधल्या. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संशोधन संस्थेच्या इमारतींचे काम सुरू झाले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. तुमच्या वयाच्या मुली-मुलांनी ही गोष्ट मनात धरावी, एवढ्यासाठीच हे वर्षांचे गणित मांडले.

त्यांची तंत्रे तुम्हाला पाठ्यपुस्तकातून माहीत असतील. रॅट-ट्रॅप बाँड या विटा रचण्याच्या पद्धतीत वीट आडवी न निजवता कडेवर उभी करतात, त्यामुळे नऊ इंची भिंतीच्या पोटात पोकळी राहते, विटा सुमारे २५ टक्के कमी लागतात आणि ऊन आत पोहोचायला वेळ लागतो. फिलर स्लॅबमध्ये स्लॅबच्या खालच्या अंगाला, जिथे काँक्रीट फक्त सळई धरून ठेवण्यापुरते असते, तिथे मंगलोरी कौले बसवून काँक्रीट आणि वजन दोन्ही कमी करतात. पण मी १९९८ मध्ये पहिल्यांदा आमच्या भागात रॅट-ट्रॅपची भिंत घेतली तेव्हा तोंडघशी पडलो. नदीकाठच्या भट्टीची गावठी वीट एकसारख्या मापाची नव्हती, दोन विटांत अर्ध्या इंचाचा फरक पडे, त्यामुळे वाचवलेल्या विटांपेक्षा सिमेंट जास्त गेले आणि गवंडी माझ्यावर वैतागला. चूक माझी होती. बेकर यांच्या तंत्राची नक्कल केली, पण त्यांनी ज्या क्रमाने काम केले तो क्रम मी पाळला नाही. आधी वीट, मग गवंडी, आणि त्यानंतर नकाशा, असा तो क्रम आहे. दुसऱ्या कामाच्या आधी मी भट्टीवाल्याकडे आठ दिवस जाऊन बसलो, साचे बदलून घेतले आणि गवंड्याबरोबर एक चाचणीची भिंत बांधून ती पाडली. त्यानंतरची सगळी कामे सुरळीत झाली.

उपजीविकेबद्दल तुम्ही स्पष्ट विचारले आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. आपल्या व्यवसायात मानधन बहुधा बांधकामखर्चाच्या टक्केवारीवर ठरते. याचा अर्थ असा, की ज्या आर्किटेक्टने डोके चालवून मालकाचा खर्च चार लाखांनी कमी केला, त्याचेच मानधन कमी होते. बेकर स्वतःच आराखडा करत आणि स्वतःच गवंड्यांना घेऊन बांधत, त्यामुळे हा पेच त्यांच्यापुरता सुटला होता. मी टक्केवारी सोडली आणि क्षेत्रफळावर ठरलेले मानधन अधिक जागेवरच्या फेऱ्यांचे वेगळे पैसे, अशी पद्धत ठेवली. पहिली तीन वर्षे ओढाताण झाली, पण पुढे ज्यांची घरे झाली त्यांनीच नातेवाइकांना पाठवले. शहरातल्या मित्रांइतके मिळत नाही. दोन मुलांचे शिक्षण झाले आणि कर्ज नाही, इतके मी खात्रीने सांगू शकतो.

तेरणाकाठ

मी निवृत्त अभियंता आहे आणि भूकंपानंतरची पाच वर्षे लातूर-उस्मानाबाद भागात पुनर्वसनाच्या कामावर होतो, म्हणून हा प्रश्न वाचून उत्तर देणे मला कर्तव्य वाटले. तुमच्या आजींना चार प्रश्न विचारायला हवे होते, हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. विचारणाऱ्यांत मीही असायला हवा होतो आणि त्या वेळी मी नव्हतो.

आधी घरे का पडली ते सांगतो, कारण मातीच्या घरांविषयी जिव्हाळा असणाऱ्या प्रत्येक तरुण आर्किटेक्टने ते नीट समजून घेतले पाहिजे. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची ती पहाट होती, वेळ ३ वाजून ५६ मिनिटे. जुन्या घराची दगडी भिंत दोन ते तीन फूट जाड असे, परंतु ती वास्तविक दोन पदरांची असे. बाहेरचा घडीव दगडांचा पदर, आतला ओबडधोबड दगडांचा पदर आणि मध्ये माती व कपच्यांची भर. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड पूर्वीच्या चांगल्या वाड्यांत सापडत, नंतरच्या घरांत ते घालणे बंद झाले होते. त्यावर माळवदाचा भार. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्यासाठी त्यावर नवी पांढरी माती चढवत, जुनी कोणी उतरवत नसे, त्यामुळे काही घरांवर मातीचा थर दीड-दोन फुटांवर गेलेला मी स्वतः मोजला आहे. हादरा बसताच भिंतीचे पदर फुगून एकमेकांपासून सुटले. अनेक ठिकाणी लाकडी खांब आणि तुळयांचे खण उभे राहिले आणि भिंत तेवढी आत कोसळली. झोपलेली माणसे त्या दगडांखाली गेली. शिवाय तो प्रदेश त्या काळच्या भूकंपनकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता, त्यामुळे कोणाच्याही मनात तशी शंका नव्हती.

यातून लोकांनी जो निष्कर्ष काढला तो स्वाभाविक होता, पण पूर्ण खरा नव्हता. दगड-माती मारते आणि सिमेंट तारते, असे सर्वांचे मत झाले. खरे तर मारले ते बांधणीतल्या त्रुटींनी. दगड तोच ठेवून आरपार बंध घातले असते, दारा-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर चारही भिंतींना कवेत घेणारा पट्टा दिला असता, आणि माळवदाची माती उतरवली असती, तर बरीच घरे तग धरू शकली असती. आज मातीच्या बांधकामासाठी आयएस १३८२७ आणि दगड-विटांच्या कमकुवत बांधकामासाठी आयएस १३८२८ ही मानके उपलब्ध आहेत. मातीचे घर बांधण्याचा विचार असेल तर कोणत्याही सुंदर छायाचित्राच्या आधी ती वाचावीत.

आता लोकसहभागाविषयी. त्या कार्यक्रमाचे दोन भाग होते आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर होते. पूर्ण उद्ध्वस्त झालेल्या ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. तिथे आराखडे आधी ठरले आणि लोकांना नंतर दाखवले गेले. मी एका गावात नकाशा घेऊन गेलो होतो. पारावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी तो उलटसुलट पाहिला आणि विचारले, "साहेब, यात म्हसोबा कुठं बसवायचा?" माझ्याकडे उत्तर नव्हते. रस्ते रुंद हवेत ही भीतीपोटी आलेली लोकांची स्वतःचीही मागणी होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण भावकी, आळी, गुरांची वाट, बायकांच्या पाणी भरण्याच्या जागा यांची नोंद कोणी केली नव्हती आणि ते सारे सरळ रेषांत विरून गेले.

दुसरा भाग दुरुस्ती आणि बळकटीकरणाचा होता. तो १३ जिल्ह्यांतल्या सुमारे दोन लाख घरांचा होता आणि त्यात पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती जात. सुरुवातीला तोही रखडला, कारण कशासाठी किती मिळणार आणि बळकटीकरण म्हणजे काय हे घरोघरी कोणालाच माहीत नव्हते. पुढे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साह्याने गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक नेमल्या गेल्या आणि चित्र पालटले. त्या स्वतः त्याच गावच्या होत्या. सिमेंटची गोणी कोणत्या भावाने घ्यावी, कोपऱ्यात सळई घातली की नाही हे कसे पाहावे, हप्ता अडला तर कोणत्या टेबलावर जावे, हे त्या शिकल्या आणि शेजारणींना शिकवू लागल्या. ज्या बाईने आयुष्यात कधी तहसील कचेरीची पायरी चढली नव्हती, ती मला माझ्याच मोजमापातली चूक दाखवत होती. मला लोकसहभागाचा अर्थ त्या दिवशी समजला. पैसा, माप आणि तपासणी यांपैकी काहीतरी लोकांच्या हाती असेल, तरच तो सहभाग. निव्वळ मत विचारून उठून येणे याला मी आता सहभाग म्हणत नाही.

कुडाची भिंत

मी सिंधुदुर्गात आठ वर्षांपासून काम करते. वर दोन ज्येष्ठांनी मोलाचे सांगितले आहे, त्यामुळे मी शिकण्याच्या जागा आणि रोजचा व्यवहार एवढ्यापुरतेच लिहिते.

शिकण्यासाठी माझ्या माहितीतल्या चार जागा आहेत. ऑरोविल अर्थ इन्स्टिट्यूटमध्ये, जी १९८९ पासून काम करते आहे, दाबून तयार केलेल्या मातीच्या विटा, कमानी आणि घुमट यांचे लहान अभ्यासक्रम असतात. सुमारे पाच टक्के सिमेंट मिसळलेली ती वीट भाजावी लागत नाही, एवढे एकच वैशिष्ट्य लक्षात घेतले तरी तिचे महत्त्व कळते. भुजची हुन्नरशाला ही संस्था २००१ च्या भूकंपानंतरच्या पुनर्बांधणीतून उभी राहिली आणि तिथे कारागिरांना केंद्रस्थानी ठेवून काम कसे चालते ते पाहायला मिळते. बेकर यांच्या सहभागाने १९८५ मध्ये स्थापन झालेली कॉस्टफर्ड ही संस्था केरळात आजही घरे बांधते. आणि आपल्या वर्ध्याचे ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र १९७६ पासून आहे, जिथे कुंभाराने चाकावर घडवलेल्या शंकूच्या आकाराच्या कौलांची कमानदार छते मी पहिल्यांदा पाहिली. वर्ध्याला गेलात तर सेवाग्रामच्या बापूकुटीत अर्धा दिवस नुसते बसावे. मे महिन्याच्या दुपारी त्या मातीच्या भिंतीला हात लावून पाहिला की पुस्तकातली दहा पाने वाचल्यासारखे होते.

पदवी हा या कामाचा एकमेव दरवाजा नाही, हेही लक्षात असावे. दीदी कॉन्ट्रॅक्टर यांनी वास्तुकलेची पदवी घेतलेली नव्हती. १९२९ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या, गुजराती कुटुंबात लग्न करून आधी नाशिकला आणि मग जुहूला राहिलेल्या या बाईंनी पुढे हिमाचलच्या कांगडा भागात मुक्काम हलवला आणि साठीच्या आसपास माती, बांबू आणि पाटीचा दगड वापरून घरे बांधायला सुरुवात केली. २०२१ मध्ये त्या गेल्या, तोपर्यंत त्यांच्याकडे शिकायला देशभरातून तरुण येत होते. आपण पदवीधर आहोत, १९७२ च्या कायद्यानुसार आर्किटेक्ट ही उपाधी लावण्याचा आपल्याला अधिकार आहे, त्याचा उपयोग परवानग्या आणि सह्यांसाठी होतो. कामाची समज मात्र वेगळ्या ठिकाणाहून घ्यावी लागते.

आता व्यवहार. कोकणात माझे साहित्य म्हणजे जांभ्याचा चिरा, चुना, कारवीचा कूड (कारवीच्या काठ्यांची मातीने लिंपलेली भिंत) आणि कौले. पहिल्या वर्षी मी पावसाचा अंदाज चुकवला. चुन्याच्या गिलाव्याला ओलावा धरून हळूहळू सुकायला वेळ लागतो आणि मी तो मेच्या अखेरीस काढायला सांगितला. जूनच्या पहिल्या आठवड्यात पश्चिमेच्या भिंतीवरचा निम्मा गिलावा धुऊन गेला. घर एका शिक्षक दांपत्याचे होते, ते काही बोलले नाहीत, पण दिवाळीनंतर मी तो माझ्या खर्चाने पुन्हा करून दिला. तेव्हापासून दसऱ्यानंतर पाया आणि फाल्गुनाच्या आत गिलावा, हे वेळापत्रक मी मोडत नाही. जोते उंच घेणे, पागोळी भिंतीपासून दूर पडेल इतकी वळचण पुढे काढणे आणि वाळवीसाठी लाकूड जमिनीला टेकू न देणे, एवढ्या तीन गोष्टी सांभाळल्या तर मातीचे आणि कुडाचे घर कोकणच्या पावसातही टिकते. आमच्या आजोळचे घर चार पिढ्यांचे आहे.

पैशांचे असे आहे, की माझी निम्म्याहून अधिक कमाई मुंबई-पुण्याच्या लोकांच्या गावाकडच्या घरांतून येते. गावातल्या माणसाला मात्र स्लॅबचेच घर हवे असते आणि त्यात त्याची चूक नाही. कर्ज देणारा अधिकारी कुडाच्या भिंतीला घर म्हणायला तयार नसतो, आणि मुलीला स्थळ आले की पाहुणे आधी छताकडे पाहतात. मला याचे पहिली काही वर्षे फार वाईट वाटे. आता मी शहरी कामांतून मिळालेल्या उत्पन्नावर दरवर्षी गावातले एक काम करते. कधी अंगणवाडीची खोली, कधी देवळाची धर्मशाळा, कधी बचत गटाची काजू फोडण्याची शेड. हे बिनामूल्य करू नये, हा माझा अनुभवाअंती झालेला आग्रह आहे. अंगणवाडीच्या वेळी मी काहीच घेतले नाही, तर कोणी मला प्रश्नच विचारले नाहीत, कारण फुकट मिळालेल्या गोष्टीबद्दल तक्रार कशी करायची असे त्यांना वाटले. काजूच्या शेडसाठी गटाने मला थोडे पण ठरवून मानधन दिले, आणि त्या बायकांनी खिडकीची उंची दोनदा बदलायला लावली. ती शेड अंगणवाडीपेक्षा कितीतरी चांगली झाली आहे.

बर्लिनकर

मी मूळचा नाशिकचा, सध्या बर्लिनमध्ये राहतो, व्यवसायाने आर्किटेक्ट. इथल्याच तांत्रिक विद्यापीठात शिकलेल्या फ्रान्सिस केरे यांचे उदाहरण माळवद यांच्या प्रश्नाला फार जवळचे वाटते, कारण तेही स्वतःच्या गावासाठी या व्यवसायात आले.

केरे बुर्किना फासोमधल्या गांदो गावचे. गावात शाळा नव्हती म्हणून लहानपणीच घर सोडून त्यांना शिकायला जावे लागले. पुढे १९८५ मध्ये सुतारकामाच्या शिष्यवृत्तीवर ते जर्मनीत आले आणि नंतर वास्तुकला शिकू लागले. विद्यार्थी असतानाच त्यांनी १९९८ मध्ये निधी जमवण्यासाठी संस्था काढली आणि २००१ मध्ये गांदोची प्राथमिक शाळा उभी केली. पदवी त्यांना २००४ मध्ये मिळाली, म्हणजे पदवीच्या आधी त्यांची पहिली इमारत मुलांनी भरलेली होती. वास्तुकलेतला सर्वोच्च सन्मान मानले जाणारे प्रिट्झकर पारितोषिक त्यांना २०२२ मध्ये मिळाले. जर्मनीहून परतलेला आपला मुलगा मातीची शाळा बांधणार हे ऐकून गावकरी आधी निराश झाले होते, कारण मातीची घरे पावसात वाहून जातात हे ते दरवर्षी पाहत होते. कुडाची भिंत यांनी स्लॅबविषयी जे लिहिले आहे तेच हे. केरे यांनी त्यांना व्याख्यान दिले नाही. थोडे सिमेंट मिसळून दाबलेल्या विटांच्या भिंती घेतल्या आणि त्यांच्यावर पुढे आलेले पत्र्याचे छप्पर वर उचलून धरले, जेणेकरून पाऊस भिंतीपर्यंत पोहोचणार नाही आणि मधल्या मोकळ्या जागेतून तापलेली हवा निघून जाईल. गावातल्या बायकांनी जमीन चोपली, मुलांनी दगड वाहून आणले. पुढे वाचनालयाच्या छतासाठी तर घराघरांतली मातीची मडकी मागवून, ती कापून काँक्रीटमध्ये बसवली, त्यांतून उजेड खाली येतो आणि वारा वर जातो.

दुसरे उदाहरण शेजारच्या देशातले. यास्मीन लारी पाकिस्तानातल्या पहिल्या महिला आर्किटेक्ट. कराचीतल्या मोठ्या कंपन्यांच्या इमारती त्यांनी बांधल्या आणि २००० मध्ये त्या व्यवसायातून निवृत्त झाल्या. २००५ च्या भूकंपानंतर त्या मदतीसाठी गेल्या आणि त्यातून त्यांचे दुसरे आयुष्य सुरू झाले. बांबू, चुना आणि माती यांची निवाराघरे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुराच्या पाण्यापासून उंचावर असलेली, ओट्यासह मातीची धूरमुक्त चूल. ही चूल बांधायला शिकलेल्या बायका थोडे पैसे घेऊन दुसऱ्यांच्या घरी ती बांधून देतात. ब्रिटनमधील आर्किटेक्टांच्या संस्थेचे सुवर्णपदक त्यांना २०२३ मध्ये मिळाले. वर मानधनाविषयी जे म्हटले आहे, त्याच्याशी त्यांची भूमिका जुळते. संकटग्रस्त माणूस दुबळा नसतो, त्याला साहित्य आणि रीत मिळाली की तो स्वतः बांधतो, आणि दानाने त्याची ती ताकद जाते, हे त्या सातत्याने मांडत आल्या आहेत.

माळवद यांच्या घराला तीन बाजूंनी जी भर पडली तिच्याविषयीही एक सुचवावेसे वाटते. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला जी वसाहत केली, तिच्यात अंगणाभोवती घरांचे लहान लहान समूह होते आणि प्रत्येक घर शेजाऱ्यापासून सुटे ठेवलेले होते, ते याचसाठी, की कुटुंब वाढले की घर वाढवता यावे. आज तिथे अनेक मूळ घरे ओळखू येत नाहीत, काहींच्या जागी बहुमजली बांधकामे आली आहेत. काही जण याला अपयश म्हणतात. मला तसे वाटत नाही, पण सगळीच वाढ चांगली झाली असेही नाही. पुनर्वसित गावांत गेल्या तीस वर्षांत लोकांनी जी वाढ केली, तिचे रेखाटन कोणीतरी केले पाहिजे. तो त्या गावांनी स्वतः दिलेला आराखडा आहे.

माळवद

सर्वांचे मनापासून आभार. एवढ्या तपशिलाने कोणी लिहील अशी अपेक्षा नव्हती.

ओळंबा सर, टक्केवारीचा मुद्दा शिक्षणाच्या पाच वर्षांत एकदाही कानावर आला नव्हता. तेरणाकाठ काका, तुमचे लिहिणे मी आईला वाचून दाखवले. भिंतीचे पदर सुटल्याचे वाचताना ती उठून आत गेली. नंतर येऊन म्हणाली, की आमच्या जुन्या घराचे खण खरोखरच उभे राहिले होते आणि ते लाकूड पुढे गोठ्याला वापरले. मी त्या गोठ्यात खेळून मोठी झाले आणि ते खांब कुठून आले हे मला ठाऊक नव्हते.

नोकरी लगेच सोडत नाही. मार्चपर्यंत काम करून सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवते आणि मग आधी वर्ध्याला व नंतर भुजला जाते. त्याआधी दिवाळीच्या सुट्टीत गावी जाऊन बर्लिनकर यांनी सुचवल्याप्रमाणे आमच्या आळीतल्या घरांची मापे घेणार आहे. सरकारी दोन खोल्या वेगळ्या रंगाने आणि नंतरची भर वेगळ्या रंगाने दाखवीन. काका, मापे घेताना आणखी कशाची नोंद ठेवावी हे सांगाल का?

तेरणाकाठ

मापांच्या बरोबर तीन गोष्टी लिहून घ्या. भर कोणत्या वर्षी घातली आणि पैसे कुठून आले. ती कोणत्या गवंड्याने बांधली, कारण तोच पुढे तुमचा पहिला शिक्षक असेल. आणि पत्र्यावर वाऱ्यासाठी दगड ठेवले आहेत का ते पाहा. असतील तर किती आणि कुठे याचीही नोंद करा, म्हणजे हादरा बसल्यास काय डोक्यावर येईल ते कळेल. जुन्या भिंतीत नवी भिंत जोडली असेल तिथे कोपऱ्यात बोट घालून फट तपासा. फट असेल तर तो सांधा बांधलेला नाही, नुसता टेकवलेला आहे, असे समजावे.

एकटीने मापे घेऊ नका. घरातल्या एखाद्या मुलीला टेपचे दुसरे टोक धरायला द्या आणि आकडा तिला वाचायला सांगा. मी लातूरलाच असतो. भाऊबीज झाल्यावर दोन दिवस मोकळा आहे. गाव कळवलेत तर भिंत सरळ उभी आहे का ते पाहण्याचा माझा जुना ओळंबा आणि त्या वेळच्या मोजमापाच्या वह्या घेऊन येतो, त्यांत तुमच्या गावचे मूळ आराखडेही असण्याची शक्यता आहे.